विजेचा आणि मेंटेनन्सचा हिशेब मागितला म्हणून मारहाण, वर त्यांच्यावरच अडीबाजीचा (धमकावून पैसे उकळल्याचा) गुन्हा (इंदूर)

बायपासपलीकडे

आमच्या टाउनशिपमधले सी ब्लॉकचे काका सध्या उजव्या हाताला प्लास्टर घालून घरी बसलेत आणि गुन्हा त्यांच्यावरच दाखल झालाय. नाव लिहीत नाही, केस चालू आहे, बिल्डरचंही लिहीत नाही. सत्तरीचे आहेत, आयुष्यभर वीज खात्यात मीटर टेस्टिंगला होते, शारदोत्सवाला पहिल्या रांगेत बसणारे, आवाज चढवून बोललेले मी तरी कधी ऐकलेले नाहीत.

प्रकरण असं आहे. आमच्याकडे वीज सिंगल पॉइंट आहे, म्हणजे वीज कंपनीचं मोठं कनेक्शन बिल्डरच्या नावावर आणि आम्हाला प्रत्येकाला त्याचा सब-मीटर, तोही प्रीपेड. रिचार्ज मारला की त्यातून आधी मेंटेनन्स कापतात, मग टँकरचे पैसे, मग क्लब हाऊसचे (जे अजून उभंच नाही), आणि जे उरेल त्यात वीज. मेंटेनन्सबद्दल हरकत घेतलीत आणि पैसे थांबवलेत की घरात अंधार, कारण पाकीट एकच आहे. युनिटचा दरही वीज कंपनीच्या घरगुती दरापेक्षा बराच वर.

काकांनी काय केलं तर वही घातली. रोज रीडिंग. मीटरमध्ये दोन खाती असतात, एक ग्रिडचं आणि एक जनरेटरचं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्या दिवशी लाईट गेलेलीच नाही त्या दिवशीही जनरेटरच्या खात्यावर युनिट चढतायत, आणि जनरेटरचं युनिट तर दुपटीहून महाग. मग त्यांनी लेखी पत्र दिलं, वीज कंपनीच्या मोठ्या बिलाची प्रत दाखवा, वीज आणि मेंटेनन्स वेगळं करा, आणि जास्तीचे घेतलेले पैसे सगळ्या रहिवाशांच्या खात्यात परत जमा करा. पैसे भरणं त्यांनी एकदाही थांबवलं नाही, दर वेळी हरकत नोंदवून भरत होते, प्रत्येक पावतीची झेरॉक्स आहे.

पत्राला उत्तर नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं (ॲडमिन बिल्डरचाच मॅनेजर). काकूंच्या कामवालीचा गेट पास बंद केला, दुधवाल्याला गेटवर अडवायचे. मग काकांनी एका पानावर सगळा हिशेब छापून ब्लॉकाब्लॉकात वाटला, त्याच आठवड्यात रात्री बेसमेंटमध्ये गाडी लावताना तीन माणसांनी धरलं. हात मोडला, चष्मा फोडला आणि वही घेऊन गेले. थान्यात गेलो तर अदमचेक (नुसती अदखलपात्र नोंद) काटून दिला, आणि दोन दिवसांनी कळलं की मॅनेजरच्या फिर्यादीवर काकांवर एफआयआर आहे, की यांनी पैसे मागितले, धक्काबुक्की केली आणि नाही दिले तर बदनामी करीन अशी धमकी दिली. "सगळ्यांचे पैसे परत करा" ह्याचं "पैसे मागितले" झालं बघा.

मला सांगा पुढे काय करायचं. आणि ज्यांच्या टाउनशिपमध्ये असंच चाललंय त्यांनी लिहा.

जुनी_इंदूर

वाचून अंगावर काटा आला. एमएलसी (पोलीस केससाठी डॉक्टरांनी केलेली इजेची नोंद) झाली का? कुठे? वही गेली म्हणता, त्याचे फोटो वगैरे काही?

बायपासपलीकडे

हो, त्याच रात्री एम. वाय. हॉस्पिटलला नेलं, एमएलसी झाली, एक्स-रे मध्ये मनगटाजवळचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसतंय. आणि काका जुने टेस्टिंगवाले, रोजच्या रीडिंगचा मोबाईलवर फोटो काढून मुलाला पुण्याला पाठवत होते. वही गेली, रीडिंग नाही गेलं.

कोर्टकचेरी

मी वकील नाही, एका फौजदारी वकिलांकडे मुन्शी म्हणून काम करतो, त्यामुळे वकील करालच पण तोवर हे ऐका.

पहिलं म्हणजे एक्स-रे. अदमचेक म्हणजे पोलिसांनी अदखलपात्र समजून नोंद केली, साधी मारहाण बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) ११५(२), शिवीगाळ, धमकी अशी. पण हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर इजा होते, म्हणजे ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दखलपात्र. तेव्हा एक्स-रेचा रिपोर्ट जोडून टीआय साहेबांना (थाना प्रभारींना) आवेदन द्या की कलम वाढवा आणि एफआयआर काटा, आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. २०१३ चा ललिता कुमारी निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवावीच लागते. नाही केलं तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेली फौजदारी प्रक्रियेची संहिता) १७३(४) प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याला लेखी, इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिश्नरी आहे म्हणून डीसीपी ऑफिसला, रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा, आणि तिथूनही नाही झालं तर शपथपत्र लावून मॅजिस्ट्रेटपुढे.

दुसरं, अडीबाजी म्हणजे ११९ लावलंय की ३०८ ते एफआयआरमध्ये बघा. ३०८(२) नुसती खंडणी, सात वर्षांपर्यंत. ११९(१) म्हणजे जुनं ३२७, इजा करून पैसे उकळणं, त्यात दहा वर्षांपर्यंत आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी नोटीस द्यायची, उगीच अटक करायची नाही हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे, पण कलम दहा वर्षांचं असलं की तो आधार तसाच्या तसा मिळत नाही, म्हणून अग्रिम जमानतीचा (अटकपूर्व जामिनाचा) अर्ज आजच्या आज तयार ठेवा. आणि जुन्या सवयीने गोंधळू नका, जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करायचा अर्ज होता, नव्या बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अग्रिम जमानत, रद्द करायचं आता ५२८, ते हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठापुढे.

तिसरं बेसमेंटचा सीसीटीव्ही. रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, फुटेज जपून ठेवावं असं पत्र उद्याच द्या, मॅनेजरलाही आणि थान्यालाही. नंतर ते गेलं तर तुमचं पत्र आधीचं आहे हे कोर्टात दाखवता येतं.

सेक्रेटरी_निवृत्त

थोडी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. मी आमच्या रहवासी संघाचा सेक्रेटरी होतो. लिफ्ट, एसटीपी (सांडपाण्याचा प्लांट), गार्ड, पंप, ह्याचे पैसे दर महिन्याला लागतातच आणि दहा जण "हिशेब द्या मग भरतो" म्हणून बसले की त्यांचा बोजा उरलेल्यांवर पडतो, मी हे भोगलंय. हिशेबाच्या नावाखाली पैसे बुडवणारेही असतात. रेरा कायद्यातसुद्धा (बिल्डर-ग्राहकांचा स्थावर मालमत्ता कायदा) कलम १९(६) मध्ये रहिवाशाने मेंटेनन्स, वीज, पाण्याचा वाटा वेळेवर भरायचा असं आहेच. काकांनी भरलेत म्हणता ते फार चांगलं केलं, पण पत्रकं वाटण्याआधी एकदा समोरासमोर बसून बोलायला हवं होतं का?

बायपासपलीकडे

राग नाही मानला काका, तुमचं भरण्याबद्दलचं म्हणणं अगदी खरं आहे आणि ते ह्यांनाही मान्य होतं, म्हणून तर भरत राहिले. समोरासमोरचं म्हणाल तर चार वेळा भेट मागितली, मॅनेजर म्हणायचा साहेब भोपाळला आहेत. आणि समजा भेट मागितली नसती, थेट पत्रक वाटलं असतं, तरी हात मोडायचा अधिकार कुणाला मिळतो?

सेक्रेटरी_निवृत्त

नाही, तो कुणालाच नाही. मारहाणीचं समर्थन माझ्याकडून कधीच होणार नाही. एक विचारतो, तुमच्याकडे ताबा मिळून इतका काळ झाला तरी रहवासी संघ का नाही? रेराच्या ११(४)(ई) मध्ये बिल्डरनेच संघ स्थापन करून द्यायचा आहे, स्थानिक कायद्यात वेगळी मुदत नसेल तर बहुतेकांचं बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत. आणि ११(४)(डी) म्हणतं की संघ ताब्यात घेईपर्यंत आवश्यक सेवा बिल्डरने द्यायच्या पण वाजवी दरात. तो "वाजवी" शब्दच तुमचा आधार आहे. भोपाळला रेराकडे संघाच्या नावाने तक्रार करता येते, एकट्या माणसाला पुढे करायची गरजच नाही.

डीपीपासून

वीजवाल्याच्या नजरेने सांगतो. काकांनी जे मागितलं ते मनाचं नाही, ते नियमातच आहे. ग्राहक हक्क नियम २०२० चे, त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यात टाउनशिप, सोसायट्यांसाठी स्पष्ट आहे की घरमालकांनी ठरवायचं, प्रत्येकाला वीज कंपनीचं वेगळं कनेक्शन हवं की सगळ्यांचं मिळून सिंगल पॉइंट, आणि हे ठरवायला मतदान वीज कंपनीने घ्यायचं, बिल्डरने नाही. दोन्हीच्या दरात समानता ठेवायची. आणि मीटरिंग, बिलिंग, वसुली तीन वेगळ्या खात्यांत करायची: घरातली ग्रिडची वीज, घरातली जनरेटरची वीज, आणि कॉमन एरियाची वीज. एकाच पाकिटातून सगळं कापायचं हे त्या नियमाच्या सरळ विरुद्ध जातं.

आता हे सिंगल पॉइंट आलं कुठून, तर २००५ च्या एका आदेशाने केंद्राने सहकारी गृहसंस्थांना एका जागी वीज घेऊन सभासदांना वाटायची मुभा दिली, हेतू सोयीचा होता. त्याच सोयीत पुढे बिल्डर आणि त्याची मेंटेनन्स कंपनी शिरली. नोएडा-गाझियाबादकडे हेच झालं, तिथे इतकी ओरड झाली की उत्तर प्रदेशच्या वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये वीजपुरवठा संहिता बदलून मल्टी पॉइंटचा, म्हणजे घरटी वेगळ्या कनेक्शनचा, रस्ता काढला.

विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ सुद्धा वाचून ठेवा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि बिलावर वाद असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरली किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने भरलं की तोडता येत नाही. हे कलम लायसन्सधारी वीज कंपनीला आहे, तेव्हा कंपनीलाही जे करता येत नाही ते बिल्डरचा मॅनेजर कंट्रोल रूममधून बटण दाबून करतो, हा प्रश्न आयोगापुढे मांडण्यासारखा आहे.

मी काकांना ओळखत नाही, पण ग्रिड चालू असताना जनरेटरचं खातं चढतंय हे ज्यांनी पकडलं त्यांना माझा मनापासून नमस्कार. हे साध्या माणसाला दिसत नाही. म्हणूनच वही नेली असणार.

बडोद्याची

बडोद्याहून लिहितेय, माहेर इंदूरचं, रामबागेतलं. आमच्याकडे मे २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरवरून लोक रस्त्यावर उतरले होते, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. रिचार्ज भराभर संपतो ही तक्रार घरोघरी होती. आमच्या सोसायटीतून बायकाच निघाल्या, स्वयंपाक उरकून, कुणी बोलावलं नव्हतं, आणि वीज कंपनीच्या ऑफिसपुढे जाऊन उभ्या राहिल्या. साहेब विचारत होते तुमचा नेता कोण, त्याला आत पाठवा. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या नेता कुणी नाही, सगळ्यांचीच बिलं घेऊन आलोय, सगळ्यांचीच बघा. नंतर सरकारला जुना मीटर शेजारी ठेवून ताळा दाखवायची गोष्ट करावी लागली. आणि ह्या सगळ्यात कुणा एकाला धरून मारावं असा एकच चेहरा कुणाला सापडला नाही. तुमच्या काकांचं वाचून मला सारखं हेच वाटतंय की पत्रावर सही एकट्याची होती.

बायपासपलीकडे

हो ताई. सही एकट्याचीच होती. त्यांनी दारोदार जाऊन विचारलं होतं, लोक म्हणाले तुम्ही बोला आम्ही पाठीशी आहोत. कुणाची रजिस्ट्री बाकी, कुणाला पार्किंग मिळायचंय, कुणी भाड्याने राहतं. भीती समजते मला. पण पाठीशी असणं म्हणजे दिसायला तो माणूस एकटाच उरतो.

डर्बनहून_परत

मी काही वर्षं दक्षिण आफ्रिकेत डर्बनला होतो, तिथली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते कारण साचा तोच आहे. तिथे केनेडी रोड नावाची झोपडवस्ती आहे, कचऱ्याच्या मोठ्या डेपोला लागून. २००५ मध्ये तिथल्या लोकांनी रस्ता अडवला, घरासाठी कबूल केलेली जमीन दुसऱ्याला दिली म्हणून, आणि त्यातून अबाहलाली बासेमजोंडोलो ही झोपडीवासीयांची संघटना उभी राहिली. मागण्या काय, तर जमीन, घर, पाण्याचे नळ, संडास, वीज. वीज नसल्यामुळे मेणबत्त्या आणि रॉकेलच्या स्टोव्हने तिथे सारख्या आगी लागायच्या, माणसं जळून मरायची.

सप्टेंबर २००९ मध्ये एका रात्री हत्यारबंद टोळी वस्तीत शिरली. दोन माणसं मेली, संघटनेच्या लोकांची घरं मोडली, अध्यक्ष सिबू झिकोडे यांना कुटुंबासकट वस्ती सोडून लपावं लागलं. आणि अटक कुणाला झाली? ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्याच बाजूच्या लोकांना. बारा जणांवर खटला चालला, काही जण महिनोन्‌महिने तुरुंगात राहिले, आणि जुलै २०११ मध्ये कोर्टाने सगळ्यांना सोडलं, सरकारी साक्षीदारांवर विश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. त्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ऑक्टोबर २००९ मध्ये, ह्याच संघटनेने तिथल्या संविधान न्यायालयात झोपडपट्टीविरोधी कायद्यातलं मुख्य कलम रद्द करून घेतलं होतं. म्हणजे बाहेर लोक लपलेले आणि कोर्टात जिंकलेले.

त्याच महिन्यात त्याच कोर्टात सोवेटोमधल्या फिरी भागाचे लोक मात्र हरले. तिथे प्रीपेड पाण्याचा मीटर बसवला होता, महिन्याला घरटी ६००० लिटर मोफत, संपलं की नळ आपोआप बंद. खालच्या कोर्टाने लोकांच्या बाजूने दिलं होतं, वर उलटलं. मुद्दा एवढाच की कोर्टात जाताना जिंकूच असं धरून जाऊ नका, पण खटला घातला म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही हे बारा जणांच्या उदाहरणावरून काकांच्या घरच्यांना सांगा. त्यांना आत्ता त्याची गरज असेल.

तळेगावचा

इकडे महाराष्ट्रात सतीश शेट्टींचं आठवतं. तळेगाव दाभाडेला जमिनीचे घोटाळे माहितीच्या अधिकारात बाहेर काढायचे, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांना मारलं. त्यांनी आधी पोलीस संरक्षण मागितलं होतं. म्हणून सांगतो, काकांना धमकी आली असेल, फोन असो, गेटवर कुणी बोललेलं असो, तारीख-वेळ घालून आजच लेखी कळवा. "बघू, आणखी काही झालं तर देऊ" असं करू नका. २०१४ चा व्हिसल ब्लोअर कायदा संसदेत पास झाला पण अंमलात आणलेला नाही, आणि तसाही तो सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खासगी बिल्डरविरुद्ध बोलणाऱ्याला त्याचं कवच नाही.

कोर्टकचेरी

तळेगावकरांचं बरोबर. आणि सावध राहा, पोलीस "दोन्ही पार्टींवर प्रतिबंधात्मक" करतील, म्हणजे बीएनएसएस १२६, जुनं १०७, शांतता राखण्याचा बॉन्ड. मारणारा आणि मार खाणारा एकाच कागदावर. कमिश्नरीत ते अधिकार पोलिसांकडेच आहेत. नोटीस आली तर घाबरून सही करून मोकळं होऊ नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या की आम्ही फिर्यादी आहोत, इजा आमची आहे, रिपोर्ट जोडला आहे. अजून एक, राजीनाम्यासाठी, म्हणजे तडजोडीसाठी, माणसं येतील, "तुम्ही तुमची मागे घ्या आम्ही आमची घेतो". उलटी केस बहुतेक त्यासाठीच टाकतात.

बायपासपलीकडे

आलेत आधीच. काल संध्याकाळी दोघं आले, मिठाई घेऊन. काकू दारातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या ह्यांच्या हाताचं हाड जुळेपर्यंत बसा बाहेर, मग बोलू. मिठाई परत पाठवली.

नर्मदा_सत्तर

मी आता बराच म्हातारा आहे, टायपिंग नातू करतोय. १९७० साली इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. अभ्यास मंडळाची मंडळी पुढे होती, पण ते एका संस्थेचं राहिलं नव्हतं, व्यापारी, विद्यार्थी, मिल मजूर, घरातल्या बायका, सगळे त्यात. लोक म्हणायचे सत्तर किलोमीटरवरून, खालच्या जलूदहून पाणी वर चढवायचं, वेडेपणा आहे, खर्च कोण देणार. १९७८ मध्ये पाणी आलं. आज टाउनशिपवाले त्याच नर्मदा लाईनीच्या आणि टँकरच्या नावाने पैसे घेतात आणि हिशेब विचारला की हात मोडतात हे वाचून रात्री झोप लागली नाही. बाई, काकांना सांगा इंदूरमध्ये हिशेब मागणारे ते पहिले नाहीत. मला चालता येत नाही पण माझी सही लागत असेल तर नातू घेऊन येईल.

सेक्रेटरी_निवृत्त

मी येतो. संघ नोंदणीचे कागद मला माहिती आहेत, नियमावलीचा नमुना आहे माझ्याकडे. रविवारी कुणाच्या घरी बसायचं ते कळवा, क्लब हाऊस किंवा लॉबीत नको, तिथे परवानगीचं निमित्त काढतील.

बायपासपलीकडे

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काकांना पूर्ण धागा वाचून दाखवला, डीपीपासून यांचा तीन खात्यांचा नियम दोनदा वाचायला लावला. आत्तापर्यंत काय झालं ते लिहिते. कलम वाढवायचं आवेदन आणि फुटेजचं पत्र दिलं, दोन्हीचे आवक नंबर आहेत. एफआयआरची प्रत मिळाली, त्यात ११९ आणि ३०८ दोन्ही आहेत, वकिलांनी अग्रिम जमानतीचा अर्ज लावलाय, सोबत काकांचं मूळ पत्र जोडलं ज्यात "सर्व रहिवाशांच्या खात्यात" हे शब्द स्वच्छ दिसतात. कोर्टात काय होतं ते बघू.

रविवारी बी ब्लॉकमध्ये एका ताईंच्या घरी बसलो, सेक्रेटरी काका आले होते. संघाच्या अर्जावर आणि वीज कंपनीने मतदान घ्यावं ह्या अर्जावर अशा दोन्ही कागदांवर पहिली सही माझी आहे, आणि काकांची मुद्दाम मध्ये कुठेतरी, डाव्या हाताने केलेली. सगळे आले नाहीत, पण ज्यांची रजिस्ट्री अडकलीय त्यातलेही दोघे सही करून गेले. प्रत्येक घराने आजपासून आपापल्या मीटरचा रोज रात्री फोटो काढायचा ठरलंय, ग्रिड आणि जनरेटर दोन्ही खाती दिसतील असा, आणि लाईट गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायची. नवा ग्रुप केलाय, त्याचे चार ॲडमिन आहेत.

मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईला जायचंय. दुसऱ्या टाउनशिपच्या ज्यांना हीच तक्रार आहे त्यांनी आपापलं आवेदन घेऊन या, आमच्या आवेदनावर सह्या करू नका, तुमचं वेगळं द्या.

एमआर_९_वाला

आमच्याकडेही प्रीपेड एकच पाकीट आहे. आवेदनाला काय काय जोडायचं? मी आणि शेजारचे दोघे येतोय.

बायपासपलीकडे

ॲलॉटमेंट लेटर किंवा रजिस्ट्रीचं पहिलं पान, मागच्या काही रिचार्जच्या पावत्या किंवा ॲपमधलं कपातीचं स्टेटमेंट, आणि मीटरचे फोटो असतील तर ते. दोन प्रती आणा, एकीवर पोचचा शिक्का घ्यायचा. ॲपमधलं स्टेटमेंट आजच डाऊनलोड करून ठेवा, आमच्याकडे काल ते ऑप्शनच काढून टाकलंय.